दोन एकर वावर आणि स्टेम सेलची सुई

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब. मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीकडचा कापूसवाला शेतकरी. आमचं पोरगं सातव्या महिन्यातच झालं, २७ आठवडे, वजन ९५० ग्रॅम. नागपूरले काचेच्या पेटीत लय दिवस होतं, आधी मशीनवर, मंग नाकातल्या नळीवर. आता पाच महिन्याचं हाय, घरी आणलं पण आक्सिजन सुरूच हाय. कार्डावर बीपीडी लिहून देलं, फुफ्फुसाचा जुना आजार म्हणे. आता माया साडूच्या ओळखीतला एक माणूस म्हणते का स्टेम सेलची सुई निंघाली, परदेशात लेकरं बरे होऊन राह्यले, तीन डोस घ्या, आक्सिजन सुटते. पैसे लय सांगते. दोन एकर वावर गहाण ठेवाची तयारी हाय माई, पण बायको म्हणते पहिले तुमाले विचारा. काय करू?

उत्तर : भाऊ, वहिनींचं ऐका. वावर गहाण टाकू नका, निदान या सुईसाठी तर नाहीच. का ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे असतात, मोठ्या माणसात तीस ते पन्नास कोटी. २७ आठवड्याला ते जवळपास बनलेलेच नसतात, नळ्या झालेल्या असतात आणि टोकाला नुसत्या पिशव्या. अशा बाळाला जगवायचं तर ऑक्सिजन आणि मशीनचा दाब द्यावाच लागतो, पण त्याच दाबानं, त्याच ऑक्सिजननं आणि वरून इन्फेक्शन झालं तर त्यानं, कोवळं फुफ्फुस सुजतं आणि फुगे बनायचं काम रखडतं. हीच बीपीडी. १९६७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला नॉर्थवे नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मनात आणू नका (साडूच्या ओळखीतला माणूस तेही म्हणाला असेलच, असे लोक आधी तेच म्हणतात).

आता सुई. स्टेम सेल म्हणजे ज्यातून शरीराच्या दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. त्यांची गोष्ट थापा नाही, हे पण सांगायला पाहिजे. कोरियात सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरला खरंच हा प्रयोग झाला, नाळेच्या रक्तातून काढलेल्या मेसेन्कायमल नावाच्या सेल. पहिल्या वेळी फक्त ९ बाळं घेतली, धोका होतो का एवढंच पाहायला, ते २०१४ मध्ये छापून आलं. झेपलं बाळांना. मग ६६ बाळांवर दुसरा प्रयोग, त्याचा निकाल २०२१ मध्ये आला, आणि इथं जरा नीट वाचा कारण एजंट लोक इथूनच अर्धं उचलतात. सगळी बाळं मिळून पाहिलं तर मरण किंवा मध्यम ते गंभीर बीपीडी, यात सेल दिलेल्या आणि न दिलेल्या बाळांत ठाम फरक दिसला नाही. अगदीच लवकर झालेल्या, म्हणजे २३-२४ आठवड्याच्या बाळांत गंभीर बीपीडी ५३ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलेली दिसली, पण ती बाळं दोन्हीकडची मिळून तीसेकच होती. एवढ्यावर आशा धरता येते, औषध ठरवता येत नाही. अमेरिकेत १२ बाळांवर आणि ऑस्ट्रेलियात ६ बाळांवर झालं तेही एवढंच पाहायला की बाळांना सोसतं का.

आणि तुमच्यासाठी खरी गोष्ट ही आहे, की कोरियाच्या प्रयोगात सेल दिल्या त्या जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, बाळ मशीनवर असताना, श्वासनळीत घातलेल्या नळीतून थेट फुफ्फुसात आणि एकदाच. बिघाड होता होता तो थोपवायला. तुमचं लेकरू पाच महिन्याचं, घरी आहे, आणि तो माणूस म्हणतो सुई, ते पण तीन. म्हणजे ज्या प्रयोगाचं नाव तो घेतो त्यातलं वय, रस्ता, वेळ काहीच जुळत नाही. त्याला एवढंच विचारा की सुई कुठं टोचणार, हातात का फुफ्फुसात, आणि पाच महिन्याच्या कोणत्या बाळांवर हे झालं ते दाखव. गप होते का नाही पाहा.

अजून एक गैरसमज, लोकांना वाटतं सेल आत गेली की तिचंच नवीन फुफ्फुस बनतं. तसं नाही. त्या सेल बहुतेक थोड्याच दिवसात नाहीशा होतात, जाताना असे काही पदार्थ सोडतात की सूज उतरते आणि बाळाच्या स्वतःच्या सेल कामाला लागतात. बांधावर येऊन मजुरांना कामाला जुंपून निघून जाणारा मुकडदम असतो तसं. म्हणून आता काही शास्त्रज्ञ म्हणतात की सेल कशाला, तिनं सोडलेलेच कण देऊन पाहू, तेही संशोधनच आहे अजून.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या देशात रक्ताच्या काही ठरलेल्या आजारात बोन मॅरोचं जे प्रत्यारोपण करतात ते सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजुरी घेतलेल्या ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या प्रयोगातच देता येते, आयसीएमआर म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये स्वच्छ लिहिलंय. खरी ट्रायल असली तर तिचा सीटीआरआय नंबर (देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर) असतो, एथिक्स कमिटीचा कागद असतो, मराठीत समजावून सही घेतात आणि ज्या औषधाची परीक्षा चालू आहे त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. पैसे मागितले तिथंच उठून या.

मग करायचं काय? भाऊ, बाळाचं फुफ्फुस अजून वाढतंय. नवीन फुगे जन्मानंतरच जास्त बनतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात आणि पुढंही. बहुतेक बाळांचा ऑक्सिजन हळूहळू सुटतो, पण डॉक्टरच्या सांगण्यावरून, बाळ गुलाबी दिसते म्हणून घरच्या घरी नळी काढायची नाही. ऑक्सिमीटरवर (रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) किती आकडा पाहिजे, झोपेत किती, दूध पिताना किती, हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. तुमच्याकडं लाईन किती वेळ जाते मला माहिती आहे, तेव्हा मशीन असलं तरी भरलेला एक सिलिंडर घरात पाहिजेच, आणि त्या खोलीत चूल, दिवा, बिडी काही नाही, ऑक्सिजनजवळ आग लय लवकर भडकते.

धुराचं तर हात जोडून सांगतो. पऱ्हाटी-तुराट्यांची चूल, वावरात जाळलेला कचरा, मच्छरासाठी कडुनिंबाचा धूर, बाबांची बिडी, हे सगळं या लेकराला विष आहे. ज्या पैशात सुई घेणार होते त्याच्या शेंड्याएवढ्या पैशात गॅस भरून होईल. नाकात तेल घालू नका, ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. आणि वजन, हे सगळ्यात मोठं औषध. श्वास घ्यायलाच या बाळांची ताकद जास्त खर्च होते, म्हणून दूध जास्त लागतं, आईचं दूध आणि वर काय द्यायचं ते डॉक्टर सांगतील. प्रत्येक भेटीला वजन लिहून घ्या. लस जन्मतारखेनुसारच, लवकर झालं म्हणून पुढं ढकलायची नाही, सहा महिन्यानंतर फ्लूची लस विचारा. आरओपी म्हणजे लवकर झालेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, त्याची तपासणी झालेली आहे का तेही कार्डावर पाहा, नसेल तर याच आठवड्यात.

बरगड्या आत ओढायला लागल्या, दूध सोडलं, ओठ निळे-काळे दिसले की १०८. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार आणि ने-आण फुकट असते, तिथंही कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : सर, मी वर्धा जिल्ह्यातली, सहावा महिना सुरू आहे. पहिलं बाळ आठव्यातच झालं होतं. नाळेचं रक्त बँकेत ठेवा, उद्या बाळाला फुफ्फुसाचा त्रास झाला तर कामी येईल असं कंपनीचा माणूस सांगून गेला. ठेवू का?

उत्तर : ताई, नको. वर कोरियाचं सांगितलं ना, त्या प्रयोगात बाळाची स्वतःची नाळ नव्हतीच, दुसऱ्यांनी दान केलेल्या नाळेतून सेल काढून वाढवलेल्या होत्या. पैसे भरून खासगी बँकेत रक्त ठेवायची शिफारस आयसीएमआर पण करत नाही.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट वेगळी आहे आणि ती लय जुनी, लय स्वस्त आहे. लवकर कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर बाळाची फुफ्फुसं तयार करणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन आईला देतात, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्येच दाखवून दिलं होतं. २४ ते ३४ आठवड्यात द्यायचं, आणि २०१४ पासून आपल्याकडं एएनएम म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर पण मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या आधी पहिला डोस देऊ शकते. पहिलं बाळ लवकर झालं होतं हे आताच तुमच्या सिस्टरला सांगून कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि बाळंतपण एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा खास विभाग) असलेल्या दवाखान्यातच. पोट घट्ट यायला लागलं की रात्र काढत बसू नका.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. कमी दिवसाचं बाळ घरी आलं की आजी ओव्या-शेपाची धुरी देतेच. सांगितलं तर म्हणते, आमचे पोरं नाई जगले काय?

उत्तर : ताई, घरोघरी जाऊन बाळ पाहायची पद्धत तुमच्याच जिल्ह्यातून देशभर गेली, डॉक्टर बंग दांपत्याचं ते काम १९९९ मध्ये लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं, तेव्हा तुम्हाला मी काय शिकवू. आजीशी वाद घालू नका. आजीला ऊब पाहिजे असते, धूर नाही. बाळ आजीच्याच छातीला उघड्या अंगानं बांधा, वरून लुगडं, कांगारू पद्धत, आई जेवायला-झोपायला मोकळी होते आणि आजीला कामही मिळतं. ओवा बाळंतिणीला खायला द्या म्हणा. बाळाच्या नाकापाशी निखारा नको एवढंच धरून ठेवा, आणि तेही आजीला सुनेसमोर सांगू नका, एकटीला गाठून सांगा.