सीईटीला (इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) बसताय? आधी एवढं समजून घे

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के पोरं तुझ्याइतक्या किंवा तुझ्याहून कमी गुणांवर आहेत. इंजिनीअरिंगची यादी सीईटीवर लागते खरी, पण बारावीच्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) नसतील तर चांगलं पर्सेंटाइलही वाया जातं. सीईटीच्या २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, प्रत्येक प्रश्नाला २. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नकोस.

पोरं खरी अडकतात ती कागदांत. राखीव प्रवर्गातला असशील तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाक. कापूस वेचणीच्या दिवसांत जिल्ह्याच्या चकरा घरच्यांना जमत नाहीत. आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तू यादीत भरलेला पहिलाच पर्याय मिळाला तर तीच जागा कायम होते. तेव्हा अमरावती की नागपूर, हे वसतिगृहाचा खर्च घरी विचारूनच भर.