वडिलांच्या फ्लॅटचे पैसे घराच्या कर्जात घालावेत का?

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सहून एका ताईंनी विचारलंय: पुण्यातला वडिलांचा फ्लॅट वारशाने मिळाला, तो विकून भारतातला कर भरून १,४०,००० डॉलर हाती आले. यजमान म्हणतात, दोघांच्या नावावरच्या घराचं कर्ज फेडून मोकळं होऊ. ताईंना मात्र यातला निम्मा हिस्सा पुढे भाचीला द्यायचाय. पैसे वेगळे ठेवले तर नवऱ्यावर विश्वास नाही असं दिसेल, ही त्यांची धास्ती.

ताई, कर्जात घालू नका. तुमच्या कर्जाचा दर २.९ टक्के आहे. सरकारी रोख्यांवर त्याहून जास्त व्याज मिळतंय तोवर ते फेडण्याची घाई तोट्याची. दर सात टक्के असता तर यजमानांच्या म्हणण्याला वजन होतं; कर्जमुक्त घराची शांतता मीही कमी लेखत नाही. पण भाचीचा प्रश्न तेव्हाही उरलाच असता. नवरा-बायकोच्या संयुक्त घराचा दस्त बहुधा असा असतो की एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचं होतं. तिथे तुमचं मृत्युपत्र पोहोचतच नाही.

पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची वाडी, माउंट व्हर्नन, तुमच्याच काउंटीत आहे. त्यांची बायको मार्था, तिचे पहिले पती डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. कायद्याने तिला जमिनीचा आणि गुलाम माणसांचा एक तृतीयांश वाटा मिळाला, पण फक्त हयातीपुरता. रोख आणि इतर जंगम वाटा १७५९ मध्ये लग्न होताच जॉर्ज वॉशिंग्टनचा झाला. १७९९ मध्ये तिथे या वाट्यातली १५३ माणसं गुलामीत होती. वॉशिंग्टनने मृत्युपत्राने स्वतःचे गुलाम मुक्त केले. यांना मुक्त करायचा अधिकार ना त्याला होता, ना तिला. १८०२ मध्ये ती गेल्यावर तिच्या नातवंडांत त्यांची वाटणी झाली, कुटुंबं तुटली. वापर एकाचा, मालकी दुसऱ्याची, हे किती क्रूर होऊ शकतं याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

मॅसॅच्युसेट्सची ॲबिगेल ॲडम्स मला फार जवळची वाटते. नवरा जॉन, अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष, जमिनीचा भोक्ता. तिने मात्र मावशीचे यजमान कॉटन टफ्ट्स यांच्यामार्फत क्रांतीनंतर भाव पडलेले सरकारी रोखे घेतले. कायद्याने विवाहितेचं सगळं नवऱ्याचं, तरी ती त्या पैशाला स्वतःचे म्हणायची. १८१६ मध्ये, नवरा हयात असताना, तिने स्वहस्ते मृत्युपत्र लिहिलं आणि पैसे, कपडे, दागिने मुख्यतः नाती, भाच्या आणि घरी काम करणाऱ्या स्त्रियांना दिले. त्या कागदाला कायद्याचं बळ नव्हतं. १८१८ मध्ये ती गेल्यावर जॉनने तो पाळला, म्हणून तो खरा ठरला.

तुम्हाला कुणाच्या चांगुलपणावर विसंबायची गरज नाही. व्हर्जिनियात वारसा वेगळा ठेवला तर तो तुमचाच मानला जातो. संयुक्त खात्यात मिसळला की कुठला पैसा कुणाचा हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून फक्त तुमच्या नावाचं खातं उघडा, पगार त्यात टाकू नका. निम्मी रक्कम सरकारी रोख्यांत, निम्मी इंडेक्स फंडात.

मृत्युपत्र याच महिन्यात करा. ते नसेल, तर तुमच्या परिस्थितीत (मुलं दोघांचीच) इथला कायदा सगळं यजमानांना देतो, भाचीला काहीच नाही. मसुदा स्थानिक वकिलाकडून घ्या आणि सही करण्याआधी यजमानांना वाचायला द्या. व्याज घरखर्चात घालते म्हणा, पण मुद्दल वडिलांचं आहे हे स्पष्ट सांगा. लपवलं तर मात्र खरंच अविश्वास दिसेल.

आणखी एक, तातडीचं. परदेशी व्यक्तीकडून वर्षात १,००,००० डॉलरहून जास्त वारसा आला तर अमेरिकेत फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर लागत नाही, पण उशीर झाला तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. तुमचा फ्लॅट कोणत्या वर्षी मिळाला असं धरायचं, हे सीपीएला (परवानाधारक हिशेबनीसाला) आजच विचारा.