डेलावेअरमधून घेतलेली जुनी बोट न्यू जर्सीत आपल्या नावावर कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही न्यू जर्सीत राहता, डेलावेअरमधील एका खासगी मालकाकडून २००६ च्या मॉडेलची १९ फुटी बोट ट्रेलरसह घेण्याचा विचार आहे, आणि मालक म्हणतो की त्याच्याकडे बोटीचे टायटल नाही, फक्त रजिस्ट्रेशन आहे. हा माणूस फसवत तर नाही ना, न्यू जर्सीत टायटल मिळेल का, आणि ग्रीन कार्डवर असल्यामुळे काही अडचण येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मालकाचे म्हणणे खोटे नाही. डेलावेअर बोटींना टायटल देतच नाही. तिथे रजिस्ट्रेशन हाच कागद असतो. भारतात गाडीचे आरसी बुक मालकीचा पुरावाही असते आणि रस्त्यावर गाडी चालवण्याची नोंदही असते, त्यामुळे आपल्याला या दोन गोष्टी एकच वाटतात. अमेरिकेत मात्र टायटल म्हणजे मालकीचा दस्तऐवज आणि रजिस्ट्रेशन म्हणजे पाण्यावर वापरण्यासाठीची नोंद, अशी सरळ फारकत आहे. त्यातही मोटारींना जवळपास सर्वत्र टायटल असते, बोटींच्या बाबतीत मात्र प्रत्येक राज्याने आपापली रेषा आखलेली आहे. न्यू जर्सीत १२ फुटांपेक्षा लांब बोटीला टायटल लागते. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये १९८७ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या आणि किमान १४ फूट लांबीच्या बोटींनाच ते मिळते. ओहायो आणि टेक्सास यांसारखी राज्ये तर बाहेरून लावलेल्या मोटरलाही वेगळे टायटल देतात (ओहायोत १० अश्वशक्तीपासून पुढे), म्हणून तिथून बोट आणणाऱ्याने दोन कागद मागायला हवेत. डेलावेअरच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

टायटल नसणे ही संशयाची बाब नसली, तरी त्यामुळे तुमचे काम वाढते. टायटल असते तेव्हा मालकाचे नाव आणि कर्जाचा बोजा त्याच कागदावर दिसतो. ते नसते तेव्हा या दोन्ही गोष्टी तुम्हाला स्वतः जुळवून पाहाव्या लागतात, आणि ते पैसे देण्याच्या आधी करावे लागते. पैसे गेल्यावर दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी विक्रेत्याकडून एक राहिलेली सही मिळवणे किती अवघड असते, हे मी माझ्या परिचितांच्या व्यवहारांत पाहिले आहे.

सुरुवात बोटीपासून करा, कागदापासून नव्हे. १ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीवर बारा अक्षरांचा हल आयडेंटिफिकेशन नंबर (हल म्हणजे बोटीचा मुख्य सांगाडा) असतो. बोटीच्या मागच्या सपाट फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ तो कोरलेला किंवा कायमचा बसवलेला सापडेल. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढची पाच अनुक्रमाची आणि शेवटची चार काळाची. तुमच्या बोटीच्या नंबराचा शेवट समजा ‘जी ५०६’ असा असेल, तर ‘जी’ म्हणजे वर्षातला सातवा महिना, ५ म्हणजे २००५ हे वर्ष आणि ०६ म्हणजे २००६ चे मॉडेल. रजिस्ट्रेशनवर २००६ लिहिलेले आहे आणि नंबराचा शेवट मात्र ९८ ने होतो आहे, असे दिसले तर तिथेच थांबावे. ऑगस्ट १९८४ पासून हाच नंबर बोटीवर आणखी एका ठिकाणी, सहज न दिसणाऱ्या जागी, असावा लागतो. ती जागा उत्पादक जाहीर करत नाहीत, पण फिटिंगच्या खाली किंवा आतल्या बाजूला शोधल्यास कधी कधी सापडते. ट्रान्समवरचा नंबर घासलेला, नव्याने चिकटवलेला किंवा रंगाखाली दडलेला असेल, तर किंमत कितीही चांगली वाटली तरी मी त्या बोटीचा विचार सोडून देईन. बोटीवरचा नंबर आणि रजिस्ट्रेशनवरचा नंबर यांत एका अक्षराचाही फरक असेल, तर तो विक्रेत्याने आपल्या राज्याच्या कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्यावा आणि मगच व्यवहार व्हावा. ‘तुमच्याकडे गेल्यावर करून घ्या’ हे उत्तर मान्य करू नका, कारण डेलावेअरची नोंद दुरुस्त करायला डेलावेअरच्या नोंदीतला मालकच लागतो.

त्यानंतर नाव पाहा. रजिस्ट्रेशनवर ज्याचे नाव आहे तीच व्यक्ती बोट विकते आहे का, हे तिच्या ओळखपत्रावरून ताडून घ्या. पतिपत्नी दोघांची नावे असतील तर दोघांच्याही सह्या घ्या. एकाने दुसऱ्याच्या वतीने केलेली सही चालेल असे गृहीत धरू नका. मूळ मालक वारला असून मुलगा बोट विकत असेल, तर डेलावेअरमध्ये त्या काउंटीच्या ‘रजिस्टर ऑफ विल्स’ म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने दिलेले अधिकारपत्र मागावे लागते. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे विक्रेत्याने गेल्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून बोट घेतली, आपल्या नावावर केलीच नाही आणि आता जुन्या मालकाच्या सहीचा कागद तुमच्या हातात ठेवतो आहे. अशा वेळी त्याने आधी बोट स्वतःच्या नावावर करून घ्यावी हा आग्रह अवाजवी नाही.

बोज्याची तपासणी हा टायटल नसलेल्या राज्यातला खरा कच्चा दुवा आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव रजिस्ट्रेशनवर असेलच असे नाही. डेलावेअरच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात यूसीसी (युनिफॉर्म कमर्शियल कोड) या व्यापारविषयक कायद्याखालील बोज्यांच्या नोंदी असतात आणि कर्जदाराच्या नावाने त्यांचा शोध घेता येतो. विक्रेत्याच्या नावाने तो शोध करून घ्यावा. मात्र कर्ज काढून घेतलेल्या घरगुती वापराच्या वस्तूंच्या बाबतीत अशी नोंद न करताही कर्जदात्याचा हक्क निर्माण होऊ शकतो, म्हणून शोधात काही निघाले नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. विक्रेत्याला बोट कर्जावर घेतली होती का हे स्पष्ट विचारा. घेतली असल्यास कर्ज फिटल्याचे संस्थेचे पत्र मागा, आणि कर्ज अजून शिल्लक असेल तर रक्कम थेट त्या संस्थेला देऊन बोजामुक्तीचे पत्र मिळवण्याची व्यवस्था करा. बोटीवर कोणतेही कर्ज किंवा दावा नाही, हे वाक्य बिल ऑफ सेलमध्ये, म्हणजे विक्रीच्या लेखी कागदात, विक्रेत्याच्या सहीसह यायलाच हवे.

तुमच्या बाबतीत बिल ऑफ सेल हे टायटलच्या जागी उभे राहणारे कागदपत्र आहे, तेव्हा ते चिठ्ठीसारखे लिहू नका. दोघांची पूर्ण नावे आणि पत्ते, तारीख, बोटीचा उत्पादक, मॉडेलचे वर्ष, लांबी, बारा अक्षरी नंबर, डेलावेअरचा नोंदणी क्रमांक, मोटरचा अनुक्रमांक आणि किंमत, एवढे सगळे त्यात असावे. बोट आणि ट्रेलर यांच्या किमती वेगळ्या दाखवा, कारण ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे: त्याचा नंबर वेगळा, त्याचा कागद वेगळा, आणि डेलावेअरमध्ये तो कागद बोटीच्या कार्यालयातून नव्हे तर मोटार वाहन विभागाकडून येतो. बोटीला टायटल नसले तरी ट्रेलरला असू शकते, आणि नेमका तोच कागद विक्रेत्याच्या कपाटात विसरलेला असतो. सह्या नोटरीसमोर करून घ्याव्यात असे माझे मत आहे. कोणी मागो न मागो, दोन राज्यांमधल्या व्यवहारात त्या किरकोळ खर्चाने पुढचे बरेच प्रश्न मिटतात. मूळ रजिस्ट्रेशनही विक्रेत्याची सही घेऊन ताब्यात घ्या. व्यवहारानंतर बोट विकल्याची सूचना १५ दिवसांच्या आत आपल्या राज्याला देणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. त्याला आठवण करून देण्यात तुमचाही फायदा आहे.

न्यू जर्सीत हे सगळे मोटार व्हेइकल कमिशनच्या केंद्रात होते, म्हणजे जिथे तुम्ही मोटारीचे काम करता तिथेच. आधी वेळ घेऊन जा. टायटल न देणाऱ्या राज्यातल्या बोटीसाठी तिथले रजिस्ट्रेशन आणि बिल ऑफ सेल हीच मालकीची कागदपत्रे ठरतात. त्यांच्यासोबत टायटलचा अर्ज, रजिस्ट्रेशनचा अर्ज आणि तुमचे ओळखपत्र द्यावे लागते. यंत्रावर चालणारी प्रत्येक बोट न्यू जर्सीत नोंदवावी लागते आणि तुमची बोट १२ फुटांहून लांब आहे, त्यामुळे तुम्हाला दोन्ही कागद घ्यावेच लागतील.

कराबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही, म्हणून तिथून आणलेली बोट करमुक्त झाली असे नव्हे. नोंदणीच्या वेळी न्यू जर्सी आपला वापरकर घेते, आणि खासगी व्यक्तीकडून घेतलेली बोटही त्यातून सुटत नाही. त्यातल्या त्यात दिलासा असा की २०१६ पासून बोटींवर नेहमीच्या दराच्या निम्मा दर लागतो. सध्याचा ६.६२५ टक्के हा दर बोटीसाठी ३.३१२५ टक्के होतो, आणि एकूण कराला २०,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे (ती तुमच्या बोटीपुरती केवळ माहितीदाखल). १२,००० डॉलरच्या बोटीवर ३९७ डॉलर ५० सेंट एवढा कर येईल. एवढ्यासाठी बिल ऑफ सेलवर किंमत कमी लिहा असे विक्रेता सुचवत असेल, तर नम्रपणे नकार द्या. पुढे विमा, तक्रार किंवा न्यायालय यांपैकी कशाचीही वेळ आली, तर तोच आकडा तुमच्या विरुद्ध जाईल.

ग्रीन कार्डच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. राज्याच्या टायटलसाठी आणि नोंदणीसाठी अमेरिकेचे नागरिक असण्याची अट नाही. ती अट कोस्ट गार्डच्या संघराज्यीय नोंदीला, म्हणजे डॉक्युमेंटेशनला, आहे. ती नोंद किमान ५ नेट टनांच्या (हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचे माप) बोटींसाठीच असते आणि १९ फुटी बोट त्या आकारात बसतच नाही. पुढे कधी तुम्ही पंचवीस-तीस फुटांची केबिनची बोट पाहायला गेलात, तर मात्र ती कोस्ट गार्डकडे नोंदलेली आहे का हे आधी विचारा. तशी असेल तर तिच्यावरील गहाणाची नोंद वेस्ट व्हर्जिनियातील फॉलिंग वॉटर्स येथील राष्ट्रीय केंद्रात असते, तिथून मालकीचा गोषवारा मागवावा लागतो, आणि तुम्हाला राज्याचे टायटल हवे असल्यास बोटीचे नाव त्या नोंदीतून आधी वगळले गेले पाहिजे.

बोट घरी आणल्यावर लगेच पाण्यात उतरवता येईल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण लोक इथेच चुकतात. बोट नव्या राज्यात नेल्यावर जुन्या राज्याचा क्रमांक ६० दिवस ग्राह्य धरावा, अशी तरतूद संघराज्यीय कायद्यात आहे. ती सवलत बोटीसह स्थलांतर करणाऱ्या मालकासाठी आहे. मालकी बदलली की जुने रजिस्ट्रेशन त्या दिवसापासून निरुपयोगी होते, त्यामुळे विक्रेत्याच्या स्टिकरवर पुढच्या वर्षाची तारीख असली तरी तो तुमच्या कामाचा नाही.

नवा क्रमांक मिळाला की डेलावेअरचा जुना पूर्ण काढून टाका. तो ‘डीएल’ने सुरू होतो, ‘डीई’ने नाही. बोटींची राज्याक्षरे टपाल खात्याच्या अक्षरांशी नेहमी जुळत नाहीत. ‘एमआय’ दिसले तर ती बोट मिशिगनची नसून मिसिसिपीची असते, आणि जाहिरातींतल्या छायाचित्रांवरून बोट कुठली आहे हे ओळखताना याचा चांगला उपयोग होतो. ‘एनजे’चा नवा क्रमांक पुढच्या भागाच्या दोन्ही बाजूंना, डावीकडून उजवीकडे वाचता येईल असा, किमान तीन इंच उंचीच्या ठळक अक्षरांत आणि हलच्या रंगावर उठून दिसेल अशा रंगात लावावा. अक्षरे आणि अंक यांच्यामध्ये एका अक्षराएवढी मोकळी जागा किंवा आडवी रेघ असावी. सलग चिकटवलेला क्रमांक नियमात बसत नाही. नोंदणीचा स्टिकर क्रमांकापासून सहा इंचांच्या आत येतो.

चालवण्याचा परवाना हा बोटीच्या कागदांपासून वेगळा विषय आहे. न्यू जर्सीत यंत्रचलित बोट चालवणाऱ्याला बोटिंग सेफ्टी सर्टिफिकेट लागते. बार्नेगट उपसागरासारख्या भरती-ओहोटीच्या पाण्यात ते पुरते. लेक होपॅटकाँगसारख्या गोड्या पाण्याच्या तलावात मोटार व्हेइकल कमिशनकडून मिळणारा बोटीचा परवानाही जवळ असावा लागतो. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांना वेळ लागतो, तेव्हा टायटलच्या कामाची वाट न पाहता ते आताच सुरू केलेले बरे.