रचना खुली असली म्हणून विक्रेता मोकळा नाही

प्रश्न : गॅलरीतील कुंड्यांना ठरावीक वेळी पाणी देणारे यंत्र मी पुण्यातील एका लहान उत्पादकाकडून विकत घेतले. त्याचे आराखडे सर्वांना खुले असून ग्राहकांच्या सूचनांनुसार ते बदलतात. झाकणाबाबतची माझी सूचनाही स्वीकारली गेली. गेल्या महिन्यात यंत्रातील वीजजोडणी जळून शेजारच्या लाकडी कपाटाचे नुकसान झाले. रचना तुम्हीही घडवली आहे, त्यामुळे आम्ही जबाबदार नाही, असे उत्पादक म्हणतो. हे योग्य आहे का? माझ्या सूचनेवर माझा काही हक्क उरतो का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : उत्पादक दोन वेगळे व्यवहार एकत्र करतो आहे. आराखडा कोणीही घ्यावा, बदलावा, मात्र तो ‘आहे तसा’, म्हणजे कोणत्याही हमीशिवाय, मिळेल, ही अट आराखड्याच्या परवान्याची असते, आणि विनामूल्य दिलेल्या गोष्टीपुरती ती रास्तही आहे. तुम्ही मात्र किंमत मोजून घरगुती वापरासाठी तयार वस्तू घेतली, त्यामुळे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तुम्ही ग्राहक आहात, आणि त्यातील कलम 84 रचनेतील दोषासाठीही उत्पादकाला जबाबदार धरते. कोणती सूचना स्वीकारून विक्रीस आणायची, हे शेवटी त्यानेच ठरवलेले असते. (सूचना मागताना ग्राहक भागीदार आणि नुकसान झाल्यावर सहआरोपी, ही सोय मोठी आहे.)

दावा मांडताना एक भेद पाळावा. उत्पादन-दायित्वाखालील (सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीच्या जबाबदारीखालील) ‘हानी’त कपाट येते, यंत्र स्वतः येत नाही, त्याची किंमत सदोष मालाची तक्रार म्हणून मागावी. वीजजोडणीला तुम्ही स्वतः हात लावला असेल, तर मात्र कलम 87 आडवे येईल, कारण हानीच्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असल्यास विक्रेत्यावर असा दावा चालत नाही. खुल्या रचनेत फेरफाराचे आमंत्रणच असल्याने वाद बहुधा येथेच रंगेल. म्हणून जळालेला भाग टाकू नका आणि खरेदीच्या वेळी आराखड्याची जी आवृत्ती लागू होती, तिची प्रत आजच काढून ठेवा. उत्पादक पुण्यात असला तरी ठाणे जिल्ह्याचे रहिवासी म्हणून तुम्ही दोन वर्षांच्या आत येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकता.

सूचनेबाबत सांगायचे तर नुसत्या कल्पनेवर कायदा मालकी देत नाही, आणि मोबदला आधी ठरलेला नसेल तर तो मिळणे कठीण आहे. आराखडा तुम्ही स्वतः रेखाटून दिला असेल, तर श्रेय देण्याची अट परवान्यात आहे का, ते पाहावे. मात्र ते झाकण आधीच प्रसिद्ध झालेले असल्यामुळे डिझाइन अधिनियम, 2000 खाली त्याची नोंदणी करून इतरांना अडवणे उत्पादकालाही शक्य नाही.