बडोद्यात राहून समुद्रावर संशोधन करता येईल का?

प्रश्न दांडिया बाजारातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती भूशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला समुद्रविज्ञानात संशोधन करायचंय. बडोद्याला समुद्र नाही, मग भूशास्त्र सोडून गोव्याला किंवा कोचीला थेट ‘मरीन सायन्स’ला जावं का, असं ती विचारते.

भूशास्त्र सोडू नकोस. कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा तू लहानपणी पाहिलाच असशील. तो देवमासा 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आला होता. आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरला मिळून शेवटी खंभातच्या आखातातच जाते. समुद्र आपल्याला इतका जवळ आहे.

एकदा त्याच आखाताच्या काठावरच्या कावी-कंबोईला जाऊन ये. भरतीला तिथलं महादेवाचं देऊळ पाण्याखाली जातं. आखात आत निमुळतं आणि उथळ होत जातं, त्यामुळे शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी 10 मीटरच्या घरात जातो. माझे आजोबा कोकणातले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे त्यांचं गणित. ते इथे लागू पडत नाही, कारण लाट वर पोचायला काही तास घेते. आता हे पदार्थविज्ञान झालं, पण त्याच पाण्याने आणलेला गाळ तुझा, त्यातल्या निवट्या (चिखलातले मासे) आणि खेकडे प्राणिशास्त्राचे. एकाच चिखलात सगळे उभे असतात.

मला हे पटलं ते एका चुकीमुळे. पुरातत्त्वाच्या मित्रांबरोबर काम करताना एकाच थरातला शिंपला आणि कोळसा वय काढायला कार्बन-14 चाचणीसाठी पाठवला. शिंपला कोळशापेक्षा काही शतकं जुना निघाला. आठवडाभर आम्ही प्रयोगशाळेलाच दोष देत होतो. शेवटी रसायनशास्त्रातल्या एका बाईंनी समजावलं: खोल समुद्रातलं पाणी वर येतं, त्यातला कार्बन जुना असतो आणि शिंपला तोच घेतो. जगभराची सरासरी धरली तर सुमारे 400 वर्षांचा फरक, आणि प्रत्येक किनाऱ्याची दुरुस्ती वेगळी. थर बरोबर होता, यंत्रही बरोबर होतं. प्रश्न विचारायला योग्य माणूस मात्र आमच्यात नव्हता.

आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाने 1980च्या दशकात कच्छच्या आखाताजवळ नागेश्वरला उत्खनन केलं. हडप्पाकाळात तिथे शंखाच्या बांगड्या घडत. शंख कुठल्या जातीचा, तो किती खोल पाण्यात मिळतो, तेव्हा किनारा कुठे होता, हे एका विषयाच्या माणसाला सांगता येणार नाही.

म्हणून एम.एस्सी. भूशास्त्रातच कर, पण प्रबंधाला खाडीचा गाळ घे. सूक्ष्मदर्शकाखाली फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले समुद्रातले एकपेशीय जीव, ओळखायला शीक. त्यांच्या कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) जुन्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा यांचा माग लागतो. संख्याशास्त्र टाळू नकोस. मी टाळलं होतं आणि पुढे दोन वर्षं त्यात गेली. ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान अशी एकच परीक्षा आहे, तीच दे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था पीएच.डी.ला गाठता येईल, आणि तिथे तू नुसती हौस घेऊन नाही, हातात एक प्रश्न घेऊन जाशील.

कावीला जाताना भरतीच्या वेळा आधी बघ आणि चिखलात उतरायचं झालं तर गावातलं कोणीतरी सोबत हवंच. तिथे पाणी फार झपाट्याने चढतं.