इंजेक्शनची गर्मी आणि बलकांवात झोपणारे काका

"बाबांना प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, सारखे घामाघूम होतात, चिडतात, मधेच रडतात, बंद करायला सांगू का?" हे मला मुली आणि सुना फार विचारतात, पेशंट स्वतः क्वचितच. म्हणून गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका काकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलून.

काका ६८ वर्षांचे, आयुष्यभर बस चालवली, गावच्या भजनात पेटी वाजवायचे. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. दोन झाली होती, तिसऱ्याची तारीख उलटून पाच आठवडे झाले तरी गेलेच नव्हते, घरी मात्र "घेतलं" म्हणून सांगितलेलं. काकूंनी फाईल बघितली तेव्हा कळलं आणि त्या त्यांना घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. बराच वेळ काका खिडकीबाहेरच बघत होते आणि मग एकदम म्हणाले, "मॅडम, मी आता दादला राहिलो नाही."

मी काही बोलले नाही, बोलू दिलं. भजनात बसलं की छातीपासून डोक्यापर्यंत आग उठते, सदरा भिजतो, लोक बघतात म्हणून भजन सोडलं. टीव्हीवर कुणाची लग्नातली पाठवणी दिसली तरी डोळ्यांत पाणी. दंडातली ताकद गेली, पोट सुटलं. आणि जवळीक, ती इच्छाच उरली नाही, म्हणून रात्री चटई घेऊन बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, झोपायला जायचे. काकूंना वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं.

यातलं एकही काकांच्या स्वभावातून आलेलं नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जोरावर वाढतो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शन तेच हार्मोन एकदम खाली आणतं. मग मेंदूतला अंगाची उष्णता सांभाळणारा भाग गडबडतो, थोडंसं गरम झालं तरी त्याला खूप वाटतं आणि तो घाम सोडतो. इच्छा कमी होणं, रडू येणं, थकवा, हे पण त्याच औषधाचं. पण इंजेक्शन आपल्या मनाने लांबवलं तर हार्मोन परत वर येऊ शकतं आणि कॅन्सरला खाद्य मिळू शकतं, हेही मी तिथेच स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी असा लपलो नसतो." मला याचं फार वाईट वाटतं, कारण ओपीडीत गर्दी असते हे मान्य, पण दोन मिनिटं बोलून माणसाचे सहा महिने वाचतात.

मग काकू हळूच म्हणाल्या, "मला पाळी जाताना असंच व्हायचं, चार वर्षं. तुम्हाला ठाऊकच नाही." काका त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशीचं खरं समुपदेशन काकूंनीच केलं असं मी मानते. पातळ सुती कपडे, उशाशी ओला पंचा, रात्री कडक चहा नाही, हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं.

मी फक्त एक वही ठेवायला सांगितली, आग कधी उठली आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. दोन आठवड्यांत दिसलं की भजनाआधीचा गरम चहा आणि काजूच्या सीझनातली उर्राक ही दारू, दोन्हीनंतर हमखास. तीच वही घेऊन काका डॉक्टरकडे गेले, राहिलेलं इंजेक्शन घेतलं, आणि डॉक्टरांनी आग कमी करायला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची गोळी दहा आठवडे देऊन बघितली. ही सगळ्यांना चालत नाही, विशेषतः रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेला असेल तर, त्यामुळे स्वतः आणून घेऊ नका.

थकव्यावर लोक आराम सांगतात, पण इथे उलट आहे. आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम आणि सोबत चालणं, असं बारा आठवडे केलं तर थकवा कमी होतो. काका फिजिओकडे शिकले, आता घरी खुर्चीवरून उठ-बस करतात, पाण्याच्या बाटल्या उचलतात. पण आधी डॉक्टरांना विचारा, कारण कॅन्सर हाडांत गेला असेल तर वजन उचलणं धोक्याचं. हे औषध हाडंही ठिसूळ करतं, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी याबद्दल विचाराच. काकूंनी सकाळचं तिजान, म्हणजे नाचणीची पेज, परत सुरू केलं, आणि बारीक मासळी काट्यांसकट. साखर आणि बीपी पण तपासत राहायचं. उदासी दोन आठवडे हटतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

इच्छा काही परत आली नाही, खोटं कशाला सांगू, इंजेक्शन चालू असेपर्यंत बहुतेकांची येत नाही. पण चटई बलकांवातून आत आली. काकू म्हणाल्या, "शेजारी असले की पुरे, हात धरून झोपतो."

गेल्या भजनी सप्ताहात काका परत पेटीवर बसले, दरवाजाजवळची जागा मागून घेतली, पिशवीत जास्तीचा बनियन. कुणी विचारलं की सरळ सांगतात, इंजेक्शनची गर्मी आहे. पुढची तारीख काकूंनी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलीय, आणि यावेळी दोघं मिळून जाणार आहेत.