शोध घेतला, लागला की लावला?

नागपूरहून आलेली शंका अशी : ‘एआयने लावला बॅटरीच्या नव्या पदार्थाचा शोध’ हा मथळा बरोबर आहे का? की ‘संशोधन केलं’ म्हणावं? इथल्या हिंदी पेपरांत तर ‘शोध’ म्हणजेच संशोधन.

मथळा व्याकरणात बसतो, पण अर्थाने फसवा आहे. गफलत ‘शोध’ या नामात नाही, ‘लावला’त आहे.

‘शोध’ मराठीत मुख्यतः तीन क्रियापदांबरोबर चालतो, आणि काम कुठवर आलं ते क्रियापदच सांगतं. ‘सीताबर्डीतून बेपत्ता झालेल्या मुलाचा पोलीस शोध घेत आहेत’ यात नुसती धडपड आहे, मूल अजून सापडलेलं नाही. ‘शोध लागला’ म्हटलं की सापडलं. ‘लावणे’ हे ‘लागणे’चं प्रयोजक रूप, त्यामुळे ‘शोध लावला’त दोन दावे येतात : गोष्ट हाती आली, आणि ती याच कर्त्याने आणली. रामन यांनी १९२८ साली लावला तो शोध या अर्थाचा.

आता बॅटरीकडे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने जाहीर केलेल्या कामात ३ कोटी २० लाख संभाव्य पदार्थ संगणकाने चाळून १८ वर आणले. त्यातला एक माणसांनी प्रयोगशाळेत तयार करून तपासला. म्हणजे एआयने चाळणी लावली, उमेदवार सुचवले. ‘हेरले’सुद्धा चालेल, फार नेमकं क्रियापद आहे ते.

पदार्थ ‘तयार झाला’ म्हणतानाही जपावं लागतं. २०२३ मध्ये बर्कली इथल्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचं सांगितलं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे क्ष-किरण आलेख तपासले आणि यात नवं काही नाही असा निष्कर्ष काढला. दोन धातूंचे अणू एकाच जागी सरमिसळ बसू शकतात हे विश्लेषणाने धरलंच नव्हतं; म्हणून आधीपासून माहीत असलेली संयुगं नवी ठरली. इथे ‘शोध लागला’ही टिकत नाही.

आणि पदार्थ खरोखर नवा निघाला तरी तो बॅटरी नव्हे. २० मिलिमीटर व्यासाच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये भरून तो पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करावा लागतो. दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज धरले तर ५०० फेऱ्यांना २,००० तास, म्हणजे ८३ दिवस. प्रत्येक फेरीत ९९.९ टक्के क्षमता टिकली तर आकडा झकास वाटतो. पण ५०० फेऱ्यांनंतर उरते जेमतेम ६१ टक्के. वापरातल्या बॅटरीकडून साधारण ८० टक्क्यांची अपेक्षा असते. त्यात चाचणी बहुधा २५ अंशांच्या आसपास होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ पार करतो. उष्णतेने सेलमधल्या नको त्या अभिक्रिया वेग घेतात. हे ८३ दिवस संगणक गाळू शकत नाही, म्हणून मथळ्यानेही गाळू नयेत.

माझ्या मते मथळा असा हवा : ‘बॅटरीसाठी एआयने सुचवले १८ पदार्थ, एकाची प्रयोगशाळेत चाचणी’. लांबी जवळपास तेवढीच, आणि खोटं काही नाही.

राहिलं ‘संशोधन’. मूळ धातू ‘शुध्’, शुद्ध होणे. आयुर्वेदातलं पाऱ्याचं शोधन त्याच घरातलं, ‘ऋणशोधन’ही. मराठीने ‘संशोधन’ रिसर्चला दिलं, हिंदीने दुरुस्तीला : त्यांचं ‘संविधान संशोधन’ ती आपली घटनादुरुस्ती. म्हणून ‘ते बॅटरीवर शोध करून राहिले’ या नागपुरी वाक्यात ‘करून राहिले’ अस्सल इथलं आहे, ते खुशाल ठेवा. ‘शोध करणे’ तेवढं हिंदीचं, तिथे ‘संशोधन’ घाला. ‘आविष्कार’ही तसाच जपून वापरा. हिंदीत टेलिफोनचा आविष्कार होतो, मराठीत गाण्यातून भावनेचा.